पैसा कळतो म्हणजे काय कळतं?

सातारा जिल्ह्यातला माण तालुका अवर्षणाचा. तिथल्या म्हसवड गावात १९९० च्या दशकात रस्त्याकडेला लोहारकाम करून पोट भरणाऱ्या एका बाईला पावसाळ्याआधी डोक्यावर घालायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता. रोजच्या कमाईतले थोडे पैसे बँकेत टाकत गेलं की मिरगाच्या आत कागदापुरती रक्कम जमेल, असा तिचा हिशेब. बँकेने खातं उघडायला नकार दिला, कारण रक्कम फारच बारकी होती. गावात काम करणाऱ्या चेतना गाला सिन्हा यांच्याकडे ती गेली आणि बायकांची स्वतःची बँक काढायचा विचार तिथे रुजला. परवान्याचा अर्ज रिझर्व्ह बँकेकडे गेला आणि नामंजूर झाला. प्रवर्तक म्हणून पुढे आलेल्या बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. सहीच्या जागी अंगठे होते.

बायका संध्याकाळच्या वर्गात बसू लागल्या. पाच महिन्यांनी पंधरा जणी सिन्हांबरोबर पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या. आम्ही वाढलो तेव्हा गावात शाळाच नव्हती, त्यात आमचा काय दोष, असं त्यांनी अधिकाऱ्यांना विचारलं. आणि पुढे आव्हान दिलं: कुठलीही मुद्दल सांगा, तिचं व्याज आम्ही तोंडी काढतो, तुमच्या साहेबांनीही कॅल्क्युलेटर न घेता काढावं, बघू कोण आधी सांगतं. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. ग्रामीण स्त्रियांनी ग्रामीण स्त्रियांसाठी चालवलेली देशातली पहिली बँक अशी तिची ओळख आहे.

त्या दिवशी त्या कार्यालयात जो वाद झाला, तोच पुढची पंचवीस-तीस वर्षं जगभरच्या अर्थशास्त्रज्ञांत चालू राहिला. माणसाला पैसा कळतो की नाही, हे कशावरून ठरवायचं? कागदावरच्या उत्तरावरून, की हातातल्या व्यवहारावरून? शिकवल्याने व्यवहार सुधारतो, की व्यवहार हाती आला की माणूस शिकतो? आता व्यवहार फोनवर गेला आहे आणि हे प्रश्न अधिकच धारदार झाले आहेत. आर्थिक साक्षरतेच्या संशोधनाचा इतिहास बघितला तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. सुरुवातीला सगळं लक्ष माणसाच्या अज्ञानावर होतं. हळूहळू ते माणसापुढे ठेवलेल्या साधनाकडे आणि ते साधन बनवणाऱ्याकडे सरकत गेलं. हे सरकणं उशिरा झालं, पण ते योग्य दिशेने झालं.

पैशाचं शिक्षण महाराष्ट्राला नवं नाही. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पया, अशा चलनात वाढणाऱ्या मुलाला साध्या पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि अडीचकी पाठ करावी लागे. हे पाढे बाजारासाठीच घडले होते. पाऊण शेराचा भाव, सव्वा मणाचं मोल, दीड वाराच्या कापडाची किंमत क्षणात सांगता यावी, एवढाच त्यांचा हेतू. शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसाच्या कानावरही ते पडत आणि गिऱ्हाइकी करता करता पक्के होत.

मग १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. रुपयाचे शंभर नये पैसे झाले आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या तोंडी हिशेबाचा पायाच बदलला. जुनी आणि नवी नाणी काही वर्षं शेजारी शेजारी चालली. सरकारी कोष्टकात एक आणा म्हणजे ६ नये पैसे, दोन आणे म्हणजे १२, तीन आणे म्हणजे १९ आणि चार आणे म्हणजे २५ असं धरलं होतं. म्हणजे एक-एक आण्याच्या चार वस्तू वेगवेगळ्या घेतल्या तर २४ पैसे पडत आणि एकदम घेतल्या तर २५. अशा बारीकसारीक फरकांसकट सारा देश नवं चलन शिकला. कुणाची परीक्षा घेतली गेली नाही. जुनं नाणं हातात असताना नवं वापरून बघायची मुभा होती आणि चुकलं तरी पैशाचंच नुकसान व्हायचं, रुपयाचं नाही. पंचवीस पैशांना लोक पुढे कितीतरी वर्षं चार आणेच म्हणत राहिले.

आर्थिक साक्षरता मोजायची शास्त्रीय पद्धत मात्र अमेरिकेत बसवली गेली, तीही म्हातारपणाच्या काळजीतून. नोकरदारांची ठरावीक पेन्शन कमी होत चालली होती आणि निवृत्तीसाठी किती साठवायचं, कुठे गुंतवायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं अशी वेळ आली होती. अनामारिया लुसार्डी आणि ऑलिव्हिया मिचेल या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये पन्नाशीपुढच्या अमेरिकी नागरिकांच्या एका मोठ्या पाहणीत तीन प्रश्न घातले. शंभर डॉलर दोन टक्के व्याजाने ठेवले तर पाच वर्षांनी १०२ पेक्षा जास्त होतील का? व्याज एक टक्का आणि महागाई दोन टक्के असेल तर वर्षाने त्याच पैशात जास्त वस्तू येतील की कमी? एकाच कंपनीचा शेअर घेणं हे म्युच्युअल फंडापेक्षा जास्त सुरक्षित असतं का? पहिल्यात चक्रवाढ, दुसऱ्यात महागाई, तिसऱ्यात जोखमीची विभागणी. तिन्ही उत्तरं बरोबर देणारे जेमतेम एक तृतीयांश निघाले.

हे तीन प्रश्न जगभर फिरले. विचारायला सोपे, मोजायला सोपे, आणि निकाल मथळ्यात बसणारा. २००८ च्या आर्थिक अरिष्टानंतर त्यांना आणखी धार आली, कारण न कळणारी गृहकर्जं घेऊन घरं गमावलेल्यांच्या कहाण्या ताज्या होत्या. २०१४ मध्ये स्टँडर्ड अँड पुअर्सच्या नावाने झालेल्या पाहणीत १४० हून अधिक देशांतल्या दीड लाख प्रौढांना असेच प्रश्न विचारले गेले. जगात ३३ टक्के लोक आर्थिकदृष्ट्या साक्षर ठरले, भारतात २४ टक्के.

भारतातही यंत्रणा उभी राहत होती. रिझर्व्ह बँकेने २००७ मध्ये आर्थिक साक्षरतेचा प्रकल्प हाती घेतला आणि मुलांसाठी राजू नावाच्या पोराच्या चित्रकथा काढल्या. २०१३ मध्ये चारही वित्तीय नियामकांनी मिळून राष्ट्रीय आर्थिक शिक्षण केंद्र स्थापन केलं. या केंद्राच्या पहिल्या पाहणीत देशातले २० टक्के लोक साक्षर ठरले होते. २०१९ मध्ये सुमारे ७५ हजार लोकांच्या दुसऱ्या पाहणीत हा आकडा २७ टक्क्यांवर गेला. ज्ञान, वर्तन आणि दृष्टिकोन अशा तिन्ही कसोट्यांवर किमान गुण मिळवणारा तोच साक्षर, असा निकष होता.

त्या पाहणीतली राज्यांची यादी मराठी वाचकाने थांबून बघावी अशी आहे. गोवा ५० टक्क्यांसह देशात पहिला. महाराष्ट्र १७ टक्क्यांवर, म्हणजे देशाच्या सरासरीच्याही खाली. रिझर्व्ह बँक, शेअर बाजार, सेबी आणि देशातल्या बहुतेक मोठ्या बँका ज्या राज्यात आहेत, त्या राज्याचा हा आकडा. दलाल स्ट्रीट आणि माणदेश एकाच राज्यात असले तरी त्यांच्यातलं अंतर पुस्तिका वाटून मिटलेलं नव्हतं, हे त्यातून दिसतं.

मुळात शिकवून फरक पडतो का, हाच प्रश्न तोवर ऐरणीवर आला होता. शॉन कोल, थॉमस सॅम्पसन आणि बिलाल झिया यांचा २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास भारत आणि इंडोनेशियातला होता. इंडोनेशियात त्यांनी काही कुटुंबांना बँक खात्यांबद्दल शिकवलं आणि काहींना खातं उघडल्यास ३ ते १४ डॉलरची छोटी रक्कम देऊ केली. शिकवण्याने एकूण लोकसंख्येवर परिणाम दिसला नाही. फक्त अगदी कमी शिकलेल्यांत थोडी वाढ झाली. छोट्या रकमेने मात्र ठळक फरक पडला. तीन वर्षांनी डॅनियल फर्नांडिस, जॉन लिंच आणि रिचर्ड नेटमेयर यांनी २०१ अभ्यासांचं एकत्र गणित मांडलं. माणसांच्या आर्थिक वर्तनात जो फरक दिसतो, त्यातला अवघा ०.१ टक्का भाग शिकवणीने उलगडतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. शिकवलेलं काही महिन्यांत विरून जातं, म्हणून निर्णयाची वेळ येईल तेव्हाच शिकवावं, असंही त्यांनी सुचवलं.

या निष्कर्षाने खळबळ उडाली आणि त्याला उत्तरही आलं. टिम कायझर, लुसार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले ७६ प्रयोग तपासले. त्यांत ३३ देशांतले एक लाख साठ हजारांहून अधिक लोक होते. शिकवण्याचा परिणाम होतो, आणि तो म्हणतात तितका लवकर विरत नाही, असं त्यांना आढळलं. वाद मिटला नाही, पण तो अधिक नेमका झाला. शिक्षण द्यावं की नाही, यापेक्षा कसलं शिक्षण, कुणाला आणि कुठल्या क्षणी, याकडे संशोधक वळले.

इथे तीन प्रयोग मोलाचे ठरले. डॉमिनिकन प्रजासत्ताकात छोट्या धंदेवाल्यांच्या एका गटाला रीतसर हिशेबशास्त्र शिकवलं गेलं आणि दुसऱ्याला साधे ठोकताळे: धंद्याचा पैसा एका खणात, घरचा दुसऱ्या खणात. ठोकताळे शिकलेल्यांचे हिशेब सुधारले. हिशेबशास्त्र शिकलेल्यांत तसा फरक दिसला नाही. अहमदाबादेत व्हिडिओ दाखवून शिकवल्यावर लोकांची माहिती आणि सावधपणा वाढला, पण आकडेमोड सुधारली नाही. वागण्यात बदल झाला तो सोबत वैयक्तिक सल्ला दिल्यावर आणि स्वतःचं उद्दिष्ट ठरवायला लावल्यावर. तिसरा प्रयोग मध्य प्रदेशातला. रोजगार हमीची मजुरी थेट बाईच्या स्वतःच्या खात्यात जमा केली आणि ते खातं कसं वापरायचं हे गावातच शिकवलं, तेव्हा बायका घराबाहेर जास्त काम करू लागल्या. नुसतं खातं मिळालेल्या बायकांत हा फरक दिसला नाही. स्वतःचा पैसा, स्वतःचं खातं आणि वापरायला शिकवणारं कुणीतरी, अशा तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तेव्हाच बदल घडला.

हे सगळं उलगडत असतानाच खातं खिशात येऊन बसलं.

केनियात मार्च २००७ मध्ये एम-पेसा सुरू झालं. साध्या फोनवरून पैसे पाठवायचे आणि कोपऱ्यावरच्या एजंटाकडून रोख घ्यायची, इतकी सोपी व्यवस्था. तवनीत सुरी आणि विल्यम जॅक यांनी २०१६ मध्ये दाखवलं, की तिच्यामुळे केनियातली सुमारे एक लाख ९४ हजार कुटुंबं, म्हणजे देशातली दोन टक्के घरं, दारिद्र्यातून वर आली. कुटुंबप्रमुख बाई असलेल्या घरांत परिणाम अधिक होता. एम-पेसाच्या यशात वर्गांपेक्षा मोठा वाटा त्या एजंटांचा होता. पहिला व्यवहार समोर बसून करून दाखवणारा ओळखीचा माणूस लोकांना तिथे भेटला.

भारतात घटना झपाट्याने घडल्या आणि त्यांतल्या काही महाराष्ट्राच्या मातीत घडल्या. २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात देशातलं पहिलं आधार दिलं गेलं. २८ ऑगस्ट २०१४ ला जनधन योजना आली. ११ एप्रिल २०१६ ला मुंबईत यूपीआयचा आरंभ झाला आणि त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटाबंदी जाहीर झाली. १ डिसेंबरला ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यातलं धसई हे राज्यातलं पहिलं रोकडरहित गाव म्हणून घोषित झालं. दुकानदारांना कार्डाची यंत्रं मिळाली. नोटा चलनात परत आल्या तसे व्यवहारही बऱ्याच अंशी रोखीकडे वळले, असं पुढे तिथे गेलेल्या वार्ताहरांनी नोंदवलं. टंचाईमुळे लागलेली सवय टंचाई सरली की सुटते, याचं ते उदाहरण.

जागतिक बँकेच्या फिंडेक्स पाहणीत खातेदार भारतीय प्रौढांचं प्रमाण २०११ मध्ये ३५ टक्के होतं, २०१७ मध्ये ते ८० टक्के झालं. पण त्याच २०१७ च्या पाहणीत जवळजवळ निम्मी खाती वर्षभर न वापरलेली निघाली. खातं असणं आणि ते चालवणं यांतली दरी मोजण्यातूनच डिजिटल आर्थिक साक्षरता हा वेगळा विषय जन्माला आला. २०१९ मध्ये जपानमधल्या जी-२० परिषदेच्या निमित्ताने पीटर मॉर्गन आणि सहकाऱ्यांनी तिचे चार भाग सांगितले: डिजिटल सेवांची माहिती, त्यांतल्या धोक्यांची जाणीव, धोका टाळायचे उपाय, आणि ग्राहक म्हणून हक्क व दाद मागायची वाट. जुन्या तीन प्रश्नांत फसवणारा कुणी नव्हताच. बँक, महागाई आणि बाजार एवढेच होते. या नव्या व्याख्येने फसवणाऱ्याला प्रथमच चित्रात आणलं आणि शेवटच्या कलमाने संस्थांनाही.

दुसरा शोध लिहिता-वाचता न येणाऱ्यांबद्दलचा. ‘माय ओरल व्हिलेज’ या कॅनडातल्या संस्थेच्या ब्रेट मॅथ्यूज यांनी दाखवून दिलं, की नोटा रंगावरून आणि आकारावरून ओळखणारी, तोंडी हिशेबात तरबेज माणसं पडद्यावर लिहिलेली चार-पाच आकडी रक्कम वाचताना अडतात. शून्य किती, हे त्यांना कळत नाही. रोखीच्या जगात जाणकार असलेला माणूस पडद्यासमोर एकदम अडाणी ठरतो, आणि तो दोष पडद्याचा असतो. म्हसवडच्या बायका त्याच्या कितीतरी वर्षं आधी नेमकं हेच सांगत होत्या. पुढे त्यांच्या बँकेने कार्ड आणायचं ठरवलं, तेव्हाही त्यांनी पिन नको म्हटलं. पिन कुणीही बघेल, अंगठा कोण चोरणार, असा त्यांचा सवाल होता आणि बँकेने तो मानला. मात्र कागदपत्रांवरच्या ठशांवरून नकली अंगठे बनवून आधारवरून पैसे काढल्याचे गुन्हे देशाच्या काही भागांत अलीकडे उघडकीस आले आहेत. आज त्या सवालाला उत्तर द्यायची जबाबदारी बायोमेट्रिक यंत्रणा चालवणाऱ्यांची आहे. खातेदार बाईने याहून जास्त काय जपायचं?

साधन बदललं की शिकवायची गरजच कमी होते, याचे दाखले आता भारतात जागोजाग आहेत. भाजीवाल्याच्या गाडीवरचा आवाजाचा डबा मराठीतून रक्कम बोलतो. गर्दीच्या वेळी गिऱ्हाइकाच्या फोनमधला खोटा स्क्रीनशॉट ओळखायचं कसब त्याला शिकावं लागत नाही. मार्च २०२२ पासून साध्या बटणांच्या फोनवरूनही यूपीआय करता येतं. ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयवर महिन्याला २,००० कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडला गेला. एवढी मजल कुठल्याही पुस्तिकेच्या बळावर गाठली गेली नसती.

पैसे मागण्याच्या विनंतीची कथा तर याहून बोलकी आहे. यूपीआयवर ‘मला इतके पैसे पाठव’ अशी विनंती करायची सोय होती. ठग ती पाठवत आणि फोनवर सांगत, पैसे जमा होण्यासाठी पिन टाका. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे एक वाक्य बँका, पोलीस आणि रिझर्व्ह बँक वर्षानुवर्षं सांगत राहिल्या. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये तर राजूलाच पुन्हा बोलावून चाळीस ठगांच्या चाळीस तऱ्हांची सचित्र पुस्तिका काढली. तरीही लोक फसत राहिले. अखेर यूपीआय चालवणाऱ्या राष्ट्रीय देयक महामंडळाने ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्ती-व्यक्तींमधली ही सोयच बंद केली. जे वर्षानुवर्षांच्या प्रबोधनाने झालं नाही, ते एका परिपत्रकाने झालं. हे परिपत्रक आधी का निघू नये, असं ज्यांचे पैसे गेले त्यांनी विचारलं तर तो रास्त प्रश्न आहे.

अडाणी माणूसच फसतो, हा उरलासुरला समजही ‘डिजिटल अरेस्ट’ने मोडला. व्हिडिओ कॉलवर पोलिसाच्या गणवेशात बसलेल्या ठगापुढे आयुष्यभराची पुंजी ओतणाऱ्यांत निवृत्त अधिकारी, डॉक्टर, प्राध्यापक होते. चक्रवाढ व्याज त्यांना येत होतं. लुसार्डींच्या तिन्ही प्रश्नांत ते उत्तीर्ण झाले असते. अशी अटक कायद्यातच नाही, हे २७ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधानांना ‘मन की बात’मधून सांगावं लागलं. भीतीने गोठलेल्या मनाला ज्ञान आठवत नाही, म्हणून आता काही संशोधक व्यवहाराला मुद्दाम थोडा उशीर लावणं, नव्या खात्याकडे जाणारी मोठी रक्कम रोखून धरणं, अशा उपायांकडे वळत आहेत.

मॉर्गन यांच्या चार भागांतला उरतो तो दाद मागण्याचा भाग, आणि तिथे काम सर्वांत कमी झालं आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही अशा फसवणुकीत ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याच्यावर नुकसानीचा भार पडत नाही. दोष ग्राहकाचा आहे, हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेची. पण फसून का होईना, स्वतः पिन सांगितला किंवा टाकला, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचंच. आजची बहुतेक ठगी नेमकी या दुसऱ्या खान्यात पडते. तालुका पातळीवर २०१७ पासून स्वयंसेवी संस्थांच्या मदतीने उभी राहिलेली आर्थिक साक्षरता केंद्रं खातं, विमा, पेन्शन शिकवतात. तिथे पहिल्याच दिवशी १९३० हा सायबर हेल्पलाइनचा क्रमांक आणि तीन दिवसांचा हा नियम शिकवला गेला पाहिजे. आणि पुढची राष्ट्रीय पाहणी होईल तेव्हा नागरिकाला प्रश्न विचारताना बँकांनाही विचारलं गेलं पाहिजे: तक्रारी किती आल्या, किती दिवसांत निकाली निघाल्या, किती पैसे परत मिळाले. राज्यांच्या साक्षरतेच्या टक्केवारीशेजारी हे आकडे छापले गेले, तर १७ टक्क्यांवर असलेल्या महाराष्ट्राला आपलं नेमकं कुठे चुकतं ते दिसेल.